न पाहिलेले सिनेमे

सिनेमा अर्ध्यावर आला होता, तोच पहिल्या रांगेतून नागसेनसर उठले. पडद्याच्या उजेडात त्यांची किंचित वाकलेली आकृती दाराकडे सरकली. दार उघडलं, मिटलं. सभागृहातल्या निम्म्या माना तिकडे वळल्या. नागसेनसर उठून गेले म्हणजे सिनेमा पडला, असं नागपुरात धरूनच चालत.

प्रणाली मागच्या भिंतीशी उभी होती. सिनेमा तिचा होता. उठून गेलेला माणूस तिचा बाप होता.

आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं हे पंचविसावं वर्ष. नागसेनसरांनी तो शाळेतली नोकरी सांभाळून सुरू केला, सदर भागातल्या एका जुन्या थिएटरात सकाळचे खेळ मागून घेऊन. इराणचे, हंगेरीचे, जपानचे सिनेमे इथल्या कित्येकांनी पहिल्यांदा पाहिले ते त्यांच्यामुळे. आता महोत्सव मोठा झाला होता, थंडगार सभागृहात आला होता. समितीचे अध्यक्ष ओमप्रकाशजी प्रणालीला म्हणाले होते, "उद्घाटनाले महोत्सवाचा इतिहास दाखवू. तूच बनव बेटा. त्याच्यानंतर सरांचा सत्कार."

ती कामाला लागली आणि जुन्या फोटोंपाशी अडकली. फोटोत मधोमध बाबा, शेजारी कुणी परदेशी दिग्दर्शक. आणि कडेला, कधी अर्धी कापली गेलेली, हातात चहाचा ट्रे घेतलेली आई. पाहुण्यांना हॉटेलात उतरवण्याची ऐपत तेव्हा नव्हती, ते इंदोरा वस्तीतल्या सरांच्या घरीच राहत. आता ते हॉटेलात उतरत, पण उद्घाटनाच्या रात्रीचं त्यांचं जेवण अजूनही आईच रांधे. शिवाय आईकडे आणखी एक काम होतं. पडद्यावर खाली उमटणारी इंग्रजी वाक्यं झरझर वाचणं सगळ्यांना जमत नसे. म्हणून प्रत्येक सिनेमाची गोष्ट मराठीत लिहून तिची पानं दारावर वाटली जात. ती गोष्ट आई, म्हणजे कौसल्याबाई, लिहीत. लोक ते पान जपून घडी करून घरी नेत. खाली नाव कुणाचंच नसे.

प्रणालीने आईवरच सिनेमा केला. बाबांना त्यातलं काही कळू दिलं नाही.

ते उठले त्याच्या क्षणभर आधी पडद्यावर आई मेथी निवडत बसली होती. कॅमेऱ्यामागून प्रणालीचा आवाज आला होता, "आई, इतक्या सिनेमांच्या गोष्टी लिहिल्या तू. तुले कोणता आवडला?"

कौसल्याबाई हसल्या होत्या. "मी कुठं पाह्यला वं एकही? तुहे बाबा जेवता जेवता सांगत, मी लिवत होती. तिकडे सिनेमा चालू राहे, इकडे पाहुण्यायचा सयपाक."

शूटिंग संपल्यावर मात्र आई गंभीर झाली होती. "हे नको दाखवू वं. त्यायले वाईट वाटंन." प्रणालीने हो म्हटलं होतं आणि तरी ते सिनेमात तसंच ठेवलं होतं.

ओमप्रकाशजी अंधारात चाचपडत तिच्यापर्यंत आले. "हे काय करून ठेवलं बेटा? इतिहास मांगितला होता, घरचं रडगाणं नाही."

"हाच इतिहास आहे काका," ती म्हणाली खरी, पण आवाजात जीव नव्हता.

सिनेमा संपला. दिवे लागले. काहींनी टाळ्या वाजवल्या, काही नुसतेच एकमेकांकडे पाहत राहिले. निवेदिकेने सत्कारासाठी नागसेनसरांचं नाव पुकारलं. खुर्ची रिकामी. मग प्रमुख पाहुण्यांच्या हाती माईक देऊन वेळ मारून न्यायची धडपड सुरू झाली.

प्रणाली बाहेर आली. बाबा फोन उचलेनात. आईही उचलेना. पार्किंगमध्ये बाबांची स्कूटर नव्हती. म्हणजे ते घरी गेले होते.

 बाबांचा राग ओरडण्याचा नव्हता. ते गप्प होत, आणि तो अबोला महिना महिना टिके. ताट समोर आलं तरी मान वर होत नसे. ते सगळं आईच्या वाट्याला येई. आताही तेच होणार होतं, आणि आईने केलेलं काय, तर पोरीने विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं. प्रणाली गेटपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. ऑटोला हात केला. तो थांबला नाही. दुसऱ्याला हाक मारणार, तेवढ्यात गेटातून ओळखीची स्कूटर आत शिरली.

पुढे बाबा, मागे आई. अंगावर घरातलीच साडी, पदराला हळदीचे ओले डाग. उतरता उतरता ती बोलत होती, "पाहुण्यायचा सयपाक अर्धा टाकून आली मी. गॅस बंद करून हात धरून घेऊन आले हे. काहून, ते सांगूनच नाही राहिले."

बाबांनी स्कूटर लावली. चेहरा ताठ होता. त्यांनी प्रणालीकडे पाहिलंही नाही. ती धावत जाऊन त्यांच्या आडवी उभी राहिली.

"बाबा, आईले काही म्हणू नका. तिनं नको म्हटलं होतं. मीच ऐकलं नाही."

ते थांबले नाहीत. आईचं मनगट धरून पायऱ्या चढू लागले. वरून ओमप्रकाशजी शाल घेऊन लगबगीने खाली आले. "सर, कुठं गेले होते? लोक थांबून राहिले. चला, सत्कार..."

"सत्काराचं राहू द्या गा," नागसेनसर म्हणाले.  "सिनेमा पयल्यापासून लावा. हिनं आपला महोत्सव अजून पाह्यलाच नाही."