नवऱ्याचं चित्र

सिरिलने आपली लांबुळकी बोट कालव्याच्या दोनशे वर्षं जुन्या लॉकमध्ये, म्हणजे एका वेळी एकच बोट वरच्या पातळीवर चढवणाऱ्या दोन दारांच्या हौदात घातली, मागचं लाकडी दार लावून आत पाणी भरून घेतलं. पुढचं दार उघडणार, तोच त्याचं लक्ष समोरच्या हिरव्या उताराकडे गेलं. तिथे त्याची बायको डॉरीन कॅनव्हास मांडून बसली होती आणि टक लावून त्याच्याकडेच बघत होती.

सदतीस वर्षांच्या संसारात तिने गाई रंगवल्या, कोबी रंगवले, शेजारणीचं मांजरसुद्धा रंगवलं. नवऱ्याला मात्र कधीच नाही. सिरिलने पोट आत ओढलं, सुकाणूवर हात ठेवला आणि पुतळ्यासारखा उभा राहिला.

दोन तासांत मागे पाच बोटी तुंबल्या.

"ओ आजोबा, हलताय का आता?" पहिल्या बोटीवरून ग्लेनिस नावाची बाई खेकसली. "की इथेच मुक्काम?"

"जरा दम धरा, बाई," सिरिल ओठ न हलवता पुटपुटला. "बायको माझं चित्र काढतेय."

"अय्या, खरंच?" ग्लेनिस एकदम विरघळली. "मग टोपी तरी सरळ करा की!" तिने मागच्यांनाही दटावून गप्प केलं.

थोड्या वेळाने डॉरीन कुंचला हातात घेऊन तरातरा उतार उतरून आली. पाचही बोटींवरची माणसं कौतुकाने माना उंचावून बघू लागली.

 

"दार अडकलंय का रे? तू समोरून हललास, तर ते लॉक रंगवता येईल मला!"