चार जण पुढे

दोन हजार सतरा सालची गोष्ट. क्षिप्रा परदेशात ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांच्या शर्यतीत उडत होती आणि मीना नेरूळच्या घरात मोबाइलवरच्या नकाशात लेकीचा ठिपका पाहत होती. बाकीचे ठिपके एकामागून एक निघाले; तिचा मात्र तिथेच घिरट्या घालत राहिला.

"घाबरली तुझी लेक!" नंदकुमार ओरडले. त्यांना सगळीकडे पहिलं असायची सवय. "आणखी शिकव, 'चार जण पुढे जाऊ देत, मग तू जा'!"

"अहो, गप्प बसा ना."

शिरवणे गावच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यापासून मीना पोरीला हेच सांगत आली होती. आपणच हिला भित्रं केलं.

संध्याकाळी फोन आला.

"आई, पहिली आले गं! इथे ज्याचं त्याचं घड्याळ तो निघाला की सुरू होतं. वर उचलणारी गरम हवा कुठे आहे, ते पुढच्यांनी आयतं दाखवलं. तुझंच ऐकलं."

क्षिप्रा आता तिकडेच ग्लायडर शिकवते. नंदकुमार गेल्या चैत्रात, नेहमीसारखेच, पुढे निघून गेले. मीना अजून नेरूळलाच आहे. तिला मुळीच घाई नाही.