संपतदादाचं वीतभर आतडं

१९७४ साली जालन्यात संपतदादाचं वीतभर आतडं कापलं. ते मधोमध सुजून इतकं अरुंद झालं होतं की खाल्लेला घास तिथेच अडायचा. टीबी निघाला तर औषध होतं. दुसरा आजार निघाला तर आणखी कापावं लागणार होतं. तपासणीसाठी डॉक्टरांनी ते काचेच्या बरणीत घालून माझ्याच हाती औरंगाबादला पाठवलं.

एसटीत कंडक्टरने विचारलं, "लोणचं का?"

"न्हाई, भावाचं आतडं हाय."

"मंग अर्धं तिकीट घ्या त्याचं."

बदनापूर मागे पडलं आणि बरणीत गुरगुर झाली.

शेजारी आमच्या गल्लीतल्या सरदारबी बसल्या होत्या. "भूका है क्या बेटा? ले, जल्दी खा," म्हणून त्यांनी भाकरी पुढे केली.

मी भरपेट जेवून निघालो होतो. तरी त्यांचं मन मोडायला नको म्हणून एक घास गिळला.

बरणीतल्या आतड्याच्या टोकाशी घासाएवढा फुगवटा आला. तो सावकाश पुढे सरकला आणि मधोमध अडला. दादा बोट ठेवून दाखवायचा, बराबर त्याच जागी माझ्या पोटात कळ उठली.

सरदारबींनी दुसरा घास मोडला.

"शरमाता कायकू? और खा."