सांडग्याला सोबत

पापड गेल्यापासून सांडग्याने पिंजऱ्यातल्या झोळीतून खाली उतरणंच सोडलं होतं. सुलभाने वाफवलेला वाटाणा त्याच्या नाकाशी धरला. त्याने तोंड फिरवलं.

"असाच राहिला तर हाही जाईल हो," ती म्हणाली.

"उंदीर आहे तो. चार दिवसांत विसरेल," उदयने पेपरातून मान वर न काढता सांगितलं.

हे दोन पांढरे उंदीर खरं तर लेकीचे. अनुजाने कॉलेजात असताना ते हौसेने आणले, पापड आणि सांडगा अशी नावं ठेवली, आणि नोकरीसाठी बंगळूरला जाताना आईवडिलांच्या गळ्यात मारले. बँकेतून निवृत्त होऊन कोलकात्यातच राहिलेल्या उदयला आधी त्यांची शिसारी यायची. मग उकाड्यात बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात कोणी ठेवायची यावरून नवराबायकोची भांडणं होऊ लागली. पापड गेला तेव्हा उदय बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून बसला होता.

"उंदराला एकटं ठेवू नये," सुलभा म्हणाली. "आपण कितीही कुरवाळलं तरी त्याला त्याच्यातलं कुणीतरी लागतं."

पुढच्या आठवड्यात ती एक राखाडी पिल्लू घेऊन आली.

"कुठून आणलंस?"

"बराकपूरहून. एकांनी मिळवून दिलं."

बराकपूर म्हटल्यावर उदयने नजर पिल्लाकडे वळवली. त्याचा धाकटा भाऊ चंद्रकांत तिथेच राहत होता, लष्कराच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेला, एकटा जीव. आई गेली तेव्हा त्याला रजा मिळाली नाही, तो दहाव्याला पोचला, आणि उदय चारचौघांत त्याला नको ते बोलला. तेव्हापासून लोकलने तासाभराच्या अंतरावर राहून दोघांचं बोलणं बंद. चूक आपली होती हे उदयला केव्हाच कळलं होतं. पण फोन उचलायचा म्हटलं की हात जड व्हायचा.

त्याने पिल्लू उचललं आणि सांडग्याच्या पिंजऱ्याचं दार उघडलं.

"अहो, थांबा!" सुलभा धावली. "त्याच्या घरात परका असा एकदम घुसवला तर फाडून खाईल त्याला."

मग तिची पद्धत सुरू झाली. दोन पिंजरे शेजारी, मध्ये वीतभर जागा. याचं अंथरुणाचं फडकं त्याला, त्याचं याला. दोघांनी एकमेकांच्या वासावर झोपायचं. सांडगा पहिल्यांदा त्या फडक्यावर मुतला, नंतर त्यावर निजला.

सुलभाने याच दिवसांत अनुजाची खोलीही घासूनपुसून काढली. खाट खिडकीपाशी ओढली, नवी गादी आणली. "दुर्गापूजेच्या सुट्टीत पोरगी आली तर," ती म्हणाली. एवढ्या कामाने तिला दम लागला. हातातल्या बांगड्या थेट कोपराकडे घसरत होत्या.

"जेवत जा जरा," उदय म्हणाला.

"दाढ दुखते. जाते आहे ना डॉक्टरकडे."

दातांचा डॉक्टर एस्प्लनेडला होता आणि दाढ काही बरी होत नव्हती. असल्या डॉक्टरांना उदय मनसोक्त शिव्या घालायचा.

शेवटी एका रविवारी तिने मोरी धुऊन कोरडी केली आणि दोघांना तिथे सोडलं. ती जागा ना याची, ना त्याची. सांडगा फुगला. पिल्लू उताणं होऊन किंचाळलं. उदय पुढे झाला तसा सुलभाने त्याचा हात धरला.

"रक्त निघालं तरच सोडवायचं. नाहीतर त्यांचं त्यांना मिटवू द्यायचं."

थोड्या वेळाने सांडगा पिल्लाचे कान चाटू लागला. त्या रात्री दोघं एकाच झोळीत झोपले. सुलभा पिंजऱ्यापाशी बसून हुंदके देऊन रडली. उंदरासाठी हे जरा जास्तच होतं, पण उदयने तिच्या पाठीवर हात ठेवला.

दोन दिवसांनी ती म्हणाली, "बराकपूरचे ते गृहस्थ पिल्लाचं खाद्य घेऊन येणार आहेत. एस्प्लनेडला, मेट्रोपाशी चहाची टपरी आहे तिथे. तुम्ही घेऊन या. मी डॉक्टरकडून परस्पर येईन."

टपरीपाशी पिशवी धरून चंद्रकांत उभा होता. केस पार पिकले होते.

उदय वळून जाणार होता. पण चहावाल्याने मातीची दोन छोटी भांडी चहाने भरून पुढे केली, आणि ती घेणं भाग पडलं.

"सरळ घरी का नाही आलास?" चहा फुंकत उदय म्हणाला.

"वहिनी नको म्हणाली. आधी बाहेर भेटा, मग घरात, म्हणाली."

उदय त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं, इतकं की चहा हातावर सांडला. "म्हणजे आपल्यालाही मोरीत सोडलंय तिने!"

चंद्रकांतला काही कळलं नाही, पण तोही हसला. हसता हसता उदयचे डोळे भरून आले. "चंदू, त्या दिवशी माझं चुकलं रे. फार चुकलं."

"जाऊ दे ना, दादा."

"सामान घेऊन ये. अनुजाची खोली तुझ्यासाठीच केलीये तिने, आत्ता लक्षात आलं." उदयने नाक पुसलं. खूप दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं. "पण मला साधं विचारता आलं नसतं? हा सगळा खटाटोप कशाला? घरी जाऊन चांगलाच फैलावर घेतो तिला."

चंद्रकांतने भांडं खाली ठेवलं.

"तिला काही बोलू नकोस, दादा. दाढ नाहीये ती. डॉक्टरकडे तिच्यासोबत मीच जातो. ते मला म्हणाले, तिला यंदाची दिवाळी दिसणार नाही."