काळं तेल

तपासणीच्या बाटलीतलं इंजिनचं तेल कोऱ्या चहासारखं लालसर होतं. अनुराधाला तेच खटकलं. गफूरचाचांच्या ट्रकला थोडंथोडं तेल सावकाश, बारीक गाळणारा बायपास फिल्टर बसवून सात महिने झाले होते. एकच तेल वर्षभर टिकतं का, याची ती चाचणी होती. एव्हाना ते काळं दिसायला हवं होतं.

“चाचा, तेल बदललंत?”

“कालच.” चाचांनी मान खाली घातली. “वीस वर्षं इंजिनं सांभाळलीत, मॅडम. काळं तेल बघवेना.”

तिनं सात महिन्यांच्या नोंदींची वही मिटली. चाचणी बुडाली होती. “जुनं कुठं ओतलंत?”

“केबिनमध्ये ठेवलंय, कॅन भरून. बोटांत चोळलं, तर कचकच लागली नाही. फेकवेना.”

तिनं कॅनमधला नमुना तेल तपासायच्या यंत्रात घातला. इंजिनच्या झिजेतून येणारे लोखंडाचे कण जेमतेम होते, दाटपणा जसाच्या तसा. तिनं आकड्यांचा कागद पुढे केला. “काळं असलं तरी अजून पाच महिने सहज चालेल.”

चाचांनी कागदाकडे पाहिलंच नाही. कॅन उघडून त्यांनी पुन्हा एकदा तेल बोटांत चोळलं.

“म्हणजे तुमचं यंत्र माझ्या बोटांसारखंच बोलतंय. नरसाळं आहे का?”