वगळलेली टाकी

"पोट चपटं आहे. मिश्यापण आहेत," मुलगी म्हणाली. तिच्या हातात प्लॅस्टरचा मासा होता आणि ती त्याच्या पोटावरून अंगठा फिरवत होती. "हा तळाशी राहत असणार. चिखलात."

"कशावरून?" मत्स्यालयातल्या ताईने विचारलं.

"बसायला बरं पडत असेल ना. आणि मिश्यांनी चाचपत असेल. चिखलात दिसणार काय?"

ताईला हसू आलं. डोळस मुलांना एवढंच समजावताना तिच्या घशाला कोरड पडायची. ही अंधशाळेची मुलं होती. त्यांच्यासाठी तिने सुट्टीच्या दिवशी घरी बसून प्लॅस्टरचे मासे केले होते. वाहत्या नदीतला दोन्ही टोकांना निमुळता होता. तळ्यातल्या गवतातून वाट काढणारा उभ्या पुठ्ठ्यासारखा पातळ. जसं पाणी, तसं अंग, इतकंच तिला शिकवायचं होतं आणि मुलं तिच्या पुढे पळत होती.

मिशीवाला मासा ओळखणाऱ्या मुलीला तिचे सर शंकासुर म्हणायचे. ते पांढरी काठी घेऊन मागे उभे होते. त्यांनाही दिसत नव्हतं. "हिच्या नादी लागू नका, ताई," ते म्हणाले. "तुमची कुलपं लावायची वेळ होईल, पण हिचे प्रश्न संपायचे नाहीत."

मग सगळे टाक्यांच्या बोळात शिरले. माशांना बरं वाटावं म्हणून तिथे उजेड कमी ठेवलेला असायचा. ताई कठड्याला हात लावून पुढे चालली, मागून मुलं. ती थांबली की मुलं काचेवर तळवे टेकवत. डोंगरातल्या ओढ्याची काच गार होती आणि आतल्या पाण्याच्या जोराने थरथरत होती. खाडीच्या टाकीपाशी तिने सांगितलं, की इथलं पाणी कधी खारं, कधी गोडं, आणि इथल्या माशांना दोन्ही निभावून न्यावं लागतं.

"म्हणजे कधी आईकडे, कधी आत्याकडे," कुणीतरी म्हणालं.

पुढची टाकी ताईने वगळली. "आता समुद्र," म्हणत ती चालू लागली.

"ताई, एक राहिली." शंकासुराचा तळवा काचेवर होता. "ही कोमट आहे. बुडबुडेपण वाजतायत. इथे कोण राहतं?"

"ती राहू दे. तिथे विशेष काही नाही."

"मग टाकी कशाला ठेवलीय?"

मुलं हसली. सर काठी टेकत पुढे आले. "आम्हाला वाईट वाटेल म्हणून सोडत असाल, तर तसं काही नाही. सांगा."

ताई टाकीपाशी परत आली. "यात गुहेतले मासे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहिलेले. त्यांना डोळे नसतात."

"अगदीच नसतात?"

"अंड्यात असताना बनायला लागतात. मग मासा वाढतो, तसे ते खंगत जातात. शेवटी त्यांच्यावर कातडी येते."

"मग आपटत असतील की इकडेतिकडे."

"नाही आपटत. आजूबाजूचं पाणी हललं, की त्यांच्या अंगाला कळतं कुठे काय आहे ते. नव्या टाकीत सोडलं, की आधी भिंतीच्या कडेकडेने फिरत राहतात. मग टाकी पाठ होते."

"आमच्यासारखंच," एक मुलगा म्हणाला. "वसतिगृहात पहिल्या दिवशी मी असाच कडेकडेने गेलो आणि थेट मुख्याध्यापकांच्या बाथरूममध्ये पोचलो."

"मुख्याध्यापक अजून विसरलेले नाहीत," सर म्हणाले.

सगळे हसले. शंकासुर तेवढी हसली नाही. "ताई, त्यांना वाईट वाटत असेल का?"

"कशाचं?"

"आधी डोळे येत होते, मग गेले, त्याचं."

"तुला काय वाटतं?"

"मला काय कळणार? माझे पहिल्यापासूनच नाहीत." ती काचेवरचा हात काढत म्हणाली, "सरांना विचारा. त्यांचे मोठेपणी गेले."

शाळेच्या मावशी मुलांना समुद्राच्या टाकीकडे घेऊन गेल्या. सर जागचे हलले नाहीत.

"विचारा," ते म्हणाले. "मुलं रोज विचारतात. आता सवय झालीय."

बोळात दुसरं कुणी नव्हतं. ताईने कठडा घट्ट धरला.

"सर, तुम्हाला दिसेनासं होतंय हे कळल्यावर, तुम्ही आधी कुणाला सांगितलंत?"

"बायकोला. तेही वर्षभर लपवल्यावर. तोवर तिची समजूत, की मी मुद्दाम तिच्या माहेरच्या माणसांकडे बघत नाही."

ताई हसली. हसता हसता तिचा श्वास अडकला, आणि तो सरांनी ऐकला.

"तुम्हाला किती दिसतंय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"समोरचं दिसतं. कडेचं जवळजवळ गेलंय. आणि या बोळात तर…"

"घरी माहीत आहे?"

"नाही."

"इथे, कामावर?"

"नाही."

"मग सांगितलंय तरी कुणाला?"

"तुम्हाला," ती म्हणाली.