डावी कडा

भिंगरीला फुटबॉल क्लबमध्ये ठेवायचे की काढायचे, हे समितीच्या बैठकीत चार वाजेपर्यंत ठरणार होते. साडेतीन वाजले होते आणि मामा सारखे घड्याळाकडे बघत होते.

मामा म्हणजे क्लबचे प्रशिक्षक. भिंगरी त्यांचा सख्खा भाचा, वय अठरा. खेळताना सारखा गरकन वळायचा, म्हणून हे नाव पडले. मोठ्या संघाची माणसे पुढच्या आठवड्यात त्याला बघायला येणार होती. "पोराचं मी बघतो," असा बहिणीला शब्द देऊन मामांनी त्याला आणले होते. आज त्याला हाकलले, तर तिला काय तोंड दाखवायचे?

चिटणिसांनी कागद काढला आणि भिंगरीचे पराक्रम चवीने वाचले. वार्षिक समारंभात शेजारी बसलेल्या अध्यक्षांनी हात पुढे केला, तर याने ढुंकून पाहिले नाही. चुन्याची बादली घेऊन चाललेल्या म्हाताऱ्या माळ्याला धडकून त्याचे मनगट मोडले. आणि परवा, उजवीकडे हत्ती जाईल एवढा रस्ता मोकळा असताना, फाटकाशी उभ्या असलेल्या गाडीवर स्कूटर घातली. गाडीही नेमकी अध्यक्षांचीच.

"प्यायला होतास?" अध्यक्षांनी विचारले.

"हो," भिंगरी म्हणाला.

मामा चमकले. हे पोरगं सोडासुद्धा नाक मुरडून प्यायचं. पण आता कबूल केले म्हणजे संपलेच.

ते उभे राहिले. पोर वाया गेलेले नाही, असे ते परत परत सांगत राहिले. गेल्या वर्षी सरावात त्यांनीच मारलेला एक सणसणीत चेंडू याच्या तोंडावर बसला होता. डोळा सुजून टम्म झाला.

"मी म्हटलं, रडतोस काय, ऊठ. तर तिसऱ्या दिवशी मैदानात हजर. तेव्हापासून हट्टाने मैदानाची डावी कडा, अगदी रेघेलगतची जागा, मागून घेतली आणि तिथे सोनं केलं. असं पोर पुन्हा मिळणार नाही, साहेब."

अध्यक्षांनी चिटणिसांचा कागद उलटा ठेवला. मग म्हणाले, की माळ्याचे मनगट बरे होईपर्यंत त्याचे काम याने करावे, आणि दारू पुन्हा दिसता कामा नये. मामांचा जीव भांड्यात पडला.

"आणि एक," अध्यक्ष म्हणाले. "मोठ्या संघाला उजव्या कडेचा खेळाडू हवाय. आठवडाभर तिकडून सराव कर."

भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला. समितीसमोर तो पहिल्यांदाच घाबरलेला दिसला.

"मग मला काढून टाका," तो म्हणाला.

चिटणीस हसले. इतकी मस्ती त्यांनी कधी पाहिली नव्हती म्हणे. मामांच्या डोक्यात तिडीक गेली. भाच्याच्या डाव्या बाजूला उभे होते तिथूनच त्यांनी हात उगारला. तो गालापासून वीतभर अंतरावर आला आणि थबकला. भिंगरी शांतपणे अध्यक्षांकडे बघत होता.

मामांनी तोच हात त्याच्या डाव्या डोळ्यासमोर हळूच हलवला. पापणी लवली नाही.